येताना हलते, जाताना नाही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हा दोघांकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत प्राध्यापक आहेत, परिचारिका आहेत, बँकेतील अधिकारी आहेत. लेख त्यांनी लिहावेत. आम्ही दोघे एकाच वर्षी या वसतिगृहात दाखल झालो, एकाच बाकावर बसून दहावी झालो, पुढे आय.टी.आय.त मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तेव्हापासून कवठे महांकाळात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुचाकी दुरुस्त करीत आहोत. आमच्याजवळ सांगण्यासारखे जे काही आहे ते ग्रीसने माखलेले आहे, असे आम्ही म्हणालो. त्यावर मंडळातील आमचे एक वर्गमित्र म्हणाले, “मग तेच लिहा.”

म्हणून एका मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाची हकिगत लिहीत आहोत. ती बरीच वर्षे आम्ही कोणाला सांगितली नव्हती. गाडीचे मालक आपल्या शाळेचे पालक आहेत. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत, मुलींच्या वसतिगृहात होती. लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली. “लिवा की, त्यात काय,” एवढेच ते म्हणाले. त्यांना येथे आम्ही ‘आबा’ म्हणतो; गॅरेजातही तेच म्हणतो.

परंतु आबांच्या आधी सायकल येते. आमच्या वेळच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहाची ती काळी सायकल आठवत असेल. बाजार, टपाल, दळण, सारे तिच्यावर होत असे. उतारावर तिचे हँडल थरथरू लागे. आम्ही आठवीत असताना एका रविवारी पाना घेऊन तिच्याभोवती बसलो. पुढच्या चाकाचे सगळे नट आवळून टाकावेत, असा आमचा बेत होता. कार्यानुभवाचे सर तेथे आले. त्यांनी आमच्या हातातला पाना काढून घेतला आणि वर्गातला खडूचा तुकडा दिला. सायकल उलटी करून सीट व हँडलवर उभी केली. चाक फिरवायचे, खडू फोर्कला टेकवून एकाच जागी स्थिर धरायचा आणि रिम जेथे बाहेर येते तेथे खडू आपोआप घासू द्यायचा. एका बाजूला चार बोटांची पांढरी खूण उमटली. त्या बाजूचे आरे पाव फेरा सैल करायचे आणि तेथेच दुसऱ्या बाजूला ओढणारे आरे पाव फेरा आवळायचे. पुन्हा खडू, पुन्हा पाव फेरा. गॅरेजच्या भाषेत याला ‘चाकाचा आऊट काढणे’ म्हणतात, हे आम्हांला पुढे कळले. संध्याकाळपर्यंत चाक सरळ झाले.

सरांची आणखी एक सवय होती. काहीही खोलण्यापूर्वी ते विचारीत, “हे केव्हा होते?” आणि त्याचे उत्तर मिळाले की लगेच, “आणि केव्हा होत नाही?” दुसऱ्या प्रश्नाचे आम्हांला हसू येई. जे होत नाही त्याची चौकशी कशाला करायची?

पालकांपैकी अनेकांना प्रश्न पडेल की पुढून गाडी हलते म्हणजे नेमके काय, आणि त्यात एवढे लिहिण्यासारखे काय आहे. गाडी आणणारा माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो : “हँडल हलतंय.” त्या एका वाक्यात निदान सात-आठ वेगवेगळे रोग दडलेले असतात. हाताच्या तळव्यांना मुंग्या आणणारी बारीक थरथर बहुतेक वेळा पुढच्या चाकाची नसतेच, ती इंजिनाची असते. हिशेब साधा आहे. शंभर सीसीच्या गाडीचे अठरा इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला ७ ते ८ फेरे घेते. त्याच वेळी चौथ्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला ७० ते ८० फेरे घेत असते. चाकाचा दोष ठोक्यासारखा जाणवतो, इंजिनाचा दोष गुणगुणल्यासारखा. शंका असेल तर मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्यावी. थरथर थांबली तर इंजिनाकडे पाहावे, राहिली तर चाकाकडे. ब्रेक दाबल्यावरच धडधड येत असेल तर ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क तपासावी. ठराविक एकाच वेगाला थरथर येऊन पुढे नाहीशी होत असेल तर टायर, रिम आणि आरे पाहावेत. टायर रिमवर नीट बसला आहे की नाही, हे त्याच्या कडेला रिमलगत जी बारीक रेघ असते तिच्यावरून कळते. ती रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. पंक्चर काढून घाईने चढवलेल्या टायरमुळे आलेली थरथर घेऊन आमच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी येतोच.

आणि मग कोनसेट. हँडलची दांडी चासीच्या ज्या नळीत फिरते तिच्या वर आणि खाली छोट्या पोलादी गोळ्यांची दोन कडी असतात. आपल्याकडील खड्ड्यांनी त्या गोळ्या आपापल्या जागी खळगे पाडतात. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल दोन बोटांनी सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावे. मध्यावर आल्यावर ते ‘टक’ करून अडकले तर कोनसेट गेला असे समजावे. फोर्क खालून धरून पुढेमागे ढकलल्यावर वर खडखड जाणवली तर तो सैल आहे. येथपर्यंतचे सारे आम्हांला येत होते. आय.टी.आय.त शिकलो होतो आणि हाताखालून शेकडो गाड्या गेल्या होत्या. म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्यात आल्यापासून द्राक्षबागा वाढल्या, दूध वाढले आणि घरटी मोटारसायकल झाली. आमच्या शेडपुढे सकाळपासून रांग असे. रांग असली की माणसाचे ऐकून घेण्याचे बळ कमी होते. हे आम्ही सबब म्हणून सांगत नाही.

आबा नागजच्या बाजूच्या एका वस्तीवर राहतात. चार वस्त्यांवरचे दूध गोळा करून सकाळी कवठे महांकाळला पोहोचवणे हा त्यांचा व्यवसाय. शंभर सीसीची जुनी मोटारसायकल, मागे लोखंडी स्टँड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचा एकेक कॅन. ते आमच्याकडे आले ती दुपारची वेळ होती. कॅन संकलन केंद्रावर ठेवून आले होते. म्हणाले, “मिस्त्री, गाडी हालतीया. पर येताना हालतीया बगा, जाताना न्हाई.”

आम्ही हसलो. रस्ता तोच, गाडी तीच, बसणारा तोच. आमच्यापैकी एकाने म्हटलेही, “आबा, रस्त्याला काय येणं आणि जाणं असतंय होय?” आबाही हसले. कामाच्या माणसाला वाद घालायला वेळ नसतो. गाडी ठेवून ते मुलीला भेटायला शाळेकडे चालत गेले.

आम्ही काय केले ते क्रमाने लिहितो, कारण चूक त्या क्रमातच आहे. गाडी आत घेतल्याबरोबर सवयीने दोन्ही टायरांत हवा भरली. पुढच्या टायरात किती हवा होती ते पाहिले नाही. भरली आणि मोकळे झालो. म्हणजे पहिला पुरावा आम्हीच पुसून टाकला. मग एकाने गाडी मोठ्या रस्त्यावर नेली. पन्नासच्या आसपास हात सैल केल्यावर हँडल थोडे थरथरले. शेडमध्ये आणून पुढचे चाक उचलले, हँडल फिरवून पाहिले. मध्यावर टक लागली. रोग सापडला होता. नवा कोनसेट त्या दिवशी आमच्याकडे नव्हता. सांगलीहून माल दुसऱ्या दिवशी यायचा होता. आबांना पहाटे गाडी हवी होती. तेव्हा जुनाच कोनसेट आवळला. थोडा जास्तच आवळला, कारण जास्त आवळल्याने थरथर पूर्ण थांबली. पुन्हा चाचणी घेतली : साठपर्यंत हँडल दगडासारखे स्थिर. आठ दिवसांनी या, नवा टाकू, असे सांगून गाडी दिली. पाना एकाच्या हातात होता, दुसरा शेजारी उभा राहून “अजून थोडं घे” म्हणत होता. कोणता कोण, हे आम्ही येथे लिहीत नाही आणि एकमेकांतही त्यावर कधी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुचीच्या अलीकडे आबा पडले. दोन्ही कॅन भरलेले होते. मनगट मोडले, खांदा सोलवटला, ऐंशी लिटर दूध रस्त्यावर गेले. मागून येणाऱ्या टेम्पोने वेळीच ब्रेक लावला, म्हणून ही हकिगत एवढ्यावरच आहे. आम्ही मिरजेच्या दवाखान्यात गेलो तेव्हा आबा प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी शाळेच्या गणवेशातच होती. तिला वसतिगृहातून थेट आणले होते. त्यांनी आम्हांला एक शब्दही लावला नाही. उलट, “तुमी कशाला काम सोडून आला,” असे विचारले. आम्ही गाडीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “हँडल न्हाई हाललं ह्या बारीला. गाडीच कमरंतनं डुलाय लागली. मी सरळ कराय बगतोय तर हँडल जडच.”

हे वाक्य आम्ही बाहेर येऊन लिहून घेतले. पाकिटावर लिहिले, कारण दुसरा कागद नव्हता.

दोन महिने आबांची फेरी बंद राहिली. वस्तीवरचे दूध पहिले काही दिवस दुसऱ्याने नेले, मग ते त्याचेच झाले. घरात येणारा रोजचा पैसा थांबला. मुलगी निवासी शाळेत होती म्हणून तिच्या जेवणाची आणि पुस्तकांची काळजी नव्हती, असे तिची आई पुढे म्हणाली. ते ऐकताना आम्हांला बसवेना. गाडीचा खर्च आम्ही केला, काही दिवसांच्या दुधाची भरपाईही देऊ केली. भरपाई आबांनी घेतली नाही. हा तपशील स्वतःच्या मोठेपणासाठी लिहिलेला नाही. पैसे देऊन मोकळे होण्याची वाट त्यांनी आम्हांला ठेवली नाही, एवढेच सांगायचे आहे.

गाडी शेडमध्ये आणली आणि या वेळी पाना भिंतीवरच राहू दिला. कार्यानुभवाचे सर तेव्हा निवृत्त होऊन गावातच राहत होते. त्यांच्याकडे जाऊन सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “येताना आणि जाताना यांत फरक काय?” आम्ही गप्प राहिलो. उत्तर दोघांनाही त्याच क्षणी कळले होते. जाताना कॅन रिकामे असत, येताना भरलेले. आबांनी गाडीचे अर्धे निदान पहिल्याच वाक्यात सांगून ठेवले होते. आम्ही गाडी रिकामी तपासली होती.

दूध पाण्याहून किंचित जड असते. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की दुधाचेच वजन ८० किलोंच्या वर जाते. कॅन आणि लोखंडी स्टँड वेगळे. गाडीचे स्वतःचे वजन ११० किलोंच्या आसपास. म्हणजे जवळजवळ एका माणसाहून जास्त ओझे, तेही मागच्या चाकाच्या आसाच्या पाठीमागे आणि उंचावर लटकलेले. तराजूच्या एका पारड्यात वजन घातल्यावर दुसरे उचलते, तसे पुढचे चाक हलके होते. भरीस भर म्हणून वाटेत एखाद्या वस्तीवर दूध कमी मिळाले तर कॅन अर्धवट भरलेला राहतो आणि आतले दूध डचमळते.

सरांच्या ओळखीने, अभियंता झालेल्या आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही गाठले. तो आमच्याहून सहा वर्षांनी लहान, आम्हांला ‘दादा’ म्हणणारा. त्याने एक संध्याकाळ शेडच्या जमिनीवर खडूने आकृत्या काढून जे समजावले, ते आम्हांला आय.टी.आय.त कोणी सांगितले नव्हते. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची किंवा बाजारातल्या ढकलगाडीची फिरती छोटी चाके आपण पाहतो. ओढले की ती आपोआप मागे वळून सरळ होतात. मोटारसायकलीचे पुढचे चाकही तसेच आहे. हँडलच्या तिरप्या दांडीची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जेथे टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. रस्त्यावरच्या गाड्यांत हे अंतर ८ ते १० सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे चाक सतत ओढले जाते आणि सरळ राहते. परंतु स्ट्रेचर जोरात ढकलले की तेच छोटे चाक फडफडू लागते, हेही आपण पाहिलेले असते. सरळ होताना ते थोडे पलीकडे जाते, पुन्हा परत येते, पुन्हा पलीकडे जाते. जो गुण त्याला सरळ ठेवतो, त्याच गुणातून ती फडफड येते.

इंग्लंडमधील रॉबिन शार्प या अभियंत्याने १९७१ साली मोटारसायकलीच्या स्थैर्याचे गणित मांडले, असे त्याने सांगितले. त्यात गाडीच्या दोन हालचाली वेगळ्या करून दाखवल्या आहेत. एक पुढच्या चाकाची फडफड; ती सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा होते. दुसरी सबंध गाडीची सावकाश नागमोडी डोल. ती सेकंदाला २ ते ४ वेळा. फडफडीत हँडल हलते आणि माणूस जवळपास स्थिर असतो. डोलीत मागचे चाक, सीट आणि माणूस सारेच वळवळतात. ताशी ५० च्या आसपास चाकाचे फेरे सेकंदाला ७-८ होतात, म्हणजे नेमके फडफडीच्या पट्ट्यात. म्हणून टायरमधील किंवा रिममधील लहानसा दोष त्याच वेगाला एवढा मोठा वाटतो.

आणि मग त्याने जे सांगितले त्याने आमची मान खाली गेली. हँडलच्या फिरण्याला अडथळा वाढवला की फडफड दबते. परंतु डोल वाढू शकते. याचा अर्थ आम्ही कोनसेट आवळून जी थरथर थांबवली, ती थांबवतानाच दुसऱ्या रोगाला वाट करून दिली. रिकाम्या गाडीत तो दुसरा रोग नव्हता, म्हणून आमच्या चाचणीत तो दिसला नाही. भरलेल्या गाडीत तोच मुख्य रोग होता. आबांचे “हालतीया” हे हँडलबद्दल नव्हतेच. त्यांनी ‘गाडी’ म्हटले होते. ‘हँडल’ हा शब्द आमचा होता.

बालपणी आम्ही मिरज-पंढरपूर मार्गावरच्या छोट्या रेल्वेने येत-जात असू. तो अरुंद मार्ग आता रुंद झाला आहे. त्या गाडीचे डबे ठराविक वेगाला डावी-उजवीकडे डुलू लागत आणि म्हातारी माणसे खिडकीची दांडी धरून बसत. आगगाडीच्या चाकांनाही रुळांमध्ये अशीच नागमोडी चालण्याची खोड असते, हे त्या संध्याकाळी कळले. तोपर्यंत आम्ही रुळांनाच दोष देत होतो.

दुसऱ्या रविवारी भल्या पहाटे, रस्ता रिकामा असताना, आम्ही ती गाडी तिच्या खऱ्या अवस्थेत तपासली. कॅनमध्ये दुधाऐवजी पाणी. प्रथम वीस-वीस लिटर, मग तीस, मग भरून. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. एक चालवणार, दुसरा मागून दुसऱ्या गाडीवर, नजर मागच्या चाकावर. वीस लिटरला काही नाही. तीस लिटरला पंचेचाळीसच्या पुढे मागचे चाक शेपटीसारखे किंचित हलताना दिसले. भरल्यावर चाळीसलाच डोल आली आणि चालवणाऱ्याला हँडल जड लागले. आबांचा प्रत्येक शब्द खरा होता.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा पाणी भरून पाहायचे, असे ठरवले. कोनसेट नवा टाकून तो योग्य तेवढाच बसवला, म्हणजे चाक अधांतरी असताना हँडल मध्यापासून थोडे ढकलले की स्वतःच्या वजनाने एका बाजूस पडले पाहिजे आणि तरी खडखड नसली पाहिजे. डोल कमी झाली, गेली नाही. मागचे चाक धरून आडवे हलवले तेव्हा चिमट्याच्या बुशमध्ये खेळ आढळला. हे त्या पहिल्या दुपारी दोन मिनिटांत कळले असते. परंतु तक्रार ‘पुढची’ आहे असे आम्हीच ठरवल्यामुळे मागे कोणी हात लावला नव्हता. बुश बदलले, डोल आणखी कमी झाली. गाडी चार दिवस तशीच उभी ठेवली तेव्हा पुढचा टायर बसला. २५ पौंड हवा हवी तेथे १६ राहिली होती. व्हॉल्व्हमधून हळूहळू गळत होती. आम्ही न पाहता भरलेल्या हवेचा हिशेब असा मिळाला. शेवटी स्टँड कापून कॅन वीतभर खाली आणि जमेल तेवढे पुढे आणले. तेव्हा कोठे भरलेली गाडी पंचेचाळीसपर्यंत सरळ चालू लागली. त्यापुढे तिला न्यायचीच नाही, हे आबांनी आमच्याकडून ऐकून घेतले आणि आजवर पाळले आहे.

आमच्या आवळण्याने ते पडले, की ओझ्याने, की बुशने, की हवेने, याचे उत्तर आम्ही स्वतःला अनेकदा दिले आहे आणि दर वेळी ते थोडे वेगळे येते. ओझे आमच्या आधीपासून होते, बुशही. परंतु त्या सगळ्यांसह आबा दीड वर्ष पडल्यावाचून येत-जात होते. आमच्या हातून गाडी गेली आणि तिसऱ्या दिवशी ते पडले.

आम्हांला पाली शिकवणाऱ्या गुरुजींनी एकदा सांगितलेली एक गोष्ट या प्रसंगानंतर आठवली. ‘दुःख’ या शब्दाची एक व्युत्पत्ती ‘दुः’ आणि ‘ख’ अशी सांगतात. ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातले, आस बसण्याचे छिद्र. ते छिद्र नीट नसलेली, म्हणून हादरत चालणारी गाडी. सगळ्याच भाषापंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, हेही गुरुजींनी तेव्हाच सांगितले होते. आम्हांला त्या वयात ती केवळ गमतीची वाटली. आता बेअरिंग बदलताना कधी कधी वाटते की ज्याने कोणी ती प्रथम सुचवली तो गाडीवान असावा, किंवा निदान बैलगाडीत मागे बसलेला असावा.

त्या वर्षापासून शेडमध्ये एक वही आहे. गाडी आली की तक्रार मालकाच्याच शब्दांत लिहायची, आपल्या शब्दांत नाही. खाली दोन रकाने : केव्हा होते, केव्हा होत नाही. आणि तिसरा, मागे काय बांधता. तिसरा रकाना इतर गॅरेजवाल्यांना चमत्कारिक वाटतो. परंतु आपल्या तालुक्यात मोटारसायकल हे नुसते बसायचे वाहन नाही. तिच्यावर औषध फवारणीचे पंप असतात, द्राक्षांची क्रेट असतात, वैरणीचे भारे असतात, बेदाण्याची खोकी असतात, आणि परीक्षेच्या दिवसांत तीन-तीन मुलेही असतात. यातले काहीही गाडीच्या कंपनीने पुस्तकात लिहिलेले नसते. टायरच्या हवेचा आकडा तेवढा एकट्या माणसासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा लिहिलेला असतो. तोही फारसा कोणी वाचत नाही.

वाहन चालवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथे लिहून ठेवतो, कारण ती विचारणारे बरेच भेटतात. चालत्या गाडीचे हँडल एकाएकी फडफडू लागले तर करकचून ब्रेक दाबू नये, विशेषतः पुढचा. हँडल आवळून धरून त्याच्याशी झुंजू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग थोडे पुढे न्यावे, हात ठेवावेत पण सैल ठेवावेत, आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा. हात सोडून पाहण्याचा प्रयोग तर रस्त्यावर कधीच करू नये. आम्ही केला आहे. तो चुकीचा होता.

आबांची मुलगी पुढे दहावी होऊन सांगलीला शिकायला गेली. आबा अजून दूध घालतात. मोडलेले मनगट थंडीत दुखते असे म्हणतात आणि लगेच विषय बदलतात. नवी गाडी घेतल्यावर ते ती पहिल्याच दिवशी आमच्याकडे घेऊन आले, कॅन भरून. “आता बगा,” म्हणाले, “म्हंजे पुन्हा हसाय नको.”

स्मरणिका प्रकाशनाच्या दिवशी अनेक माजी विद्यार्थी दुचाकीवरून येतील. शेड त्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून उघडी असेल आणि हवा, कोनसेट, आरे पाहून देण्याचे पैसे घेतले जाणार नाहीत. फक्त येताना मागे काय बांधून आणले होते आणि जाताना काय नेणार आहात, ते सांगावे.

सविनय जय भीम.